पिकअपचं ब्रेक पेडल स्वतः बदलायचं असेल तर

ब्रेकवर पाय ठेवला की आधी 'टक्' असा आवाज यायचा, मग ब्रेक लागायचा. पेडल बोटाने डावी-उजवीकडे हलायचं. क्लच दाबताना बुटाची कड कधीमधी ब्रेकला घासायची. आमच्या पिकअपचं वर्षभर असंच चाललं होतं. नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरायचे, माळशेज उतरून कल्याण मार्केट गाठायचं आणि परत येताना म्हणायचं, बघू पुढच्या रविवारी. ब्रेक लागतोय ना, मग झालं!

शेवटी एका रविवारी गाडी शेडखाली लावून डॅशबोर्डच्या खाली बॅटरी मारली. पेडल आणि पुशरॉड (पायाचा जोर पुढे ब्रेककडे नेणारा रॉड) यांना जोडणाऱ्या पिनला कॉटर पिनच्या जागी चक्क एक वाकवलेला खिळा होता. कॉटर पिन म्हणजे मुख्य पिन सरकू नये म्हणून तिच्यात घालून पाय वाकवायची बारीक पिन. गाडी सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे हा उपद्व्याप कुणाचा ते विचारायचीही सोय नव्हती. तो खिळा गळून पडला असता तर पिन सरकली असती, आणि पाय कितीही जोरात मारला तरी पेडल मोकळंच खाली गेलं असतं. तेही भरल्या गाडीनिशी, माळशेजच्या वळणावर.

त्या दिवसापासून हे काम मी चार-पाच गाड्यांवर केलं आहे. जे शिकलो ते नवख्या माणसासाठी लिहितो आहे. पाने हातात धरता येत असतील आणि डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत तासभर पडून राहायची तयारी असेल तर काम जमण्यासारखं आहे. पेडल काढणं-बसवणं सोपं आहे. त्यानंतर ते जमवावं लागतं, म्हणजे त्याची उंची आणि चाल मापात आणावी लागते, आणि तिथे घाई झाली तर नवं पेडल जुन्यापेक्षा वाईट ठरतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या जमवाजमवीवर आहे.

हे सगळं बोलेरो पिकअप, योद्धा यांसारख्या हलक्या मालवाहू गाड्यांसाठी आहे. त्यांत पेडल वरून लटकलेलं असतं, ब्रेक ऑइलचे असतात आणि पायाचा जोर वाढवायला व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर असतो. मोठ्या ट्रकच्या हवेच्या ब्रेकला यातलं काही लागू नाही.

पेडलमध्ये असतं काय?

पायाखाली रबरी गादी. तिच्यामागे लोखंडी दांडी. दांडीच्या वरच्या टोकाला नळीसारखं भोक, त्यात दोन बाजूंनी दोन बुश (झीज झेलणाऱ्या छोट्या नळ्या) आणि बुशमधून आरपार गेलेला बोल्ट. या बोल्टवर पेडल झोके घेतं. बोल्ट ज्याला अडकतो ते जाड पत्र्याचं ब्रॅकेट इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला कसलेलं असतं. पेडल वर ओढून धरणारी एक स्प्रिंग असते. बोल्टच्या थोडं खाली दांडीला आणखी एक भोक असतं, तिथे पुशरॉडचा दोन पायांचा फोर्क पिनेने जोडलेला असतो. पुशरॉड पत्र्यातून पलीकडे बूस्टरमध्ये जातो, आणि बूस्टरच्या पुढे मास्टर सिलिंडर, जो ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो. पेडलच्या मागच्या अंगाला ब्रेक लाइटचा छोटा स्विच असतो.

पेडल ही एक साधी तरफ आहे. गादीपासून बोल्टपर्यंतचं अंतर आणि पिनेपासून बोल्टपर्यंतचं अंतर यांचं प्रमाण बूस्टरवाल्या गाड्यांत बहुधा चार-पाच पट असतं. पायाने २० किलोचा जोर दिला तर पिनेवर ८० ते १०० किलो येतात. समोर अचानक म्हैस आली की माणूस २० किलोवर थांबत नाही, दोन्ही पाय रोवतो. तो सगळा जोर झेलणारी पिन करंगळीपेक्षा बारीक असते आणि तिला जागेवर ठेवायला एक कॉटर पिन असते. खिळ्याची गोष्ट मी एवढी रंगवून का सांगितली ते आता कळलं असेल.

हाच हिशेब उलटाही चालतो. पिनेच्या भोकात एक मिलिमीटर झीज झाली की पायाखाली चार-पाच मिलिमीटर मोकळी चाल (ब्रेकवर जोर न येता पेडल सरकतं ते अंतर) वाढते. बोल्टचे बुशही झिजले असतील तर त्यात आणखी भर.

आधी दोष पेडलचाच आहे ना?

बरेच जण इथेच फसतात. ब्रेक बरोबर नाही म्हणून पेडल बदलतात, आणि दोष भलतीकडेच असतो.

पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल, दोन-तीनदा मारल्यावर टणक होत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रमचे लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणारे पट्टे) फार मागे गेले आहेत. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल तर मास्टरचे रबर गेले आहेत किंवा कुठेतरी ऑइल गळतं आहे. पेडल दगडासारखं कडक झालं असेल तर बूस्टर, त्याचा व्हॅक्यूमचा पाइप किंवा व्हॅक्यूम पंप बघा. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी स्वतःची व्हॅक्यूमची ओढ नसते, म्हणून बूस्टरसाठी वेगळा पंप दिलेला असतो आणि तो बिघडू शकतो. या तिन्ही तक्रारी नवं पेडल टाकून जाणार नाहीत.

पेडलचा स्वतःचा दोष वेगळा दिसतो. ते आडवं हलतं, दाबताना-सोडताना खटखट किंवा करकर आवाज येतो, सोडल्यावर पूर्ण वर येत नाही, एका बाजूला कललेलं दिसतं, किंवा वेल्डिंगच्या जागी बारीक तडा दिसतो. खात्रीसाठी एक सोपी युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून तुम्ही डॅशखाली आडवे व्हा, घरातल्या कुणाला तरी हाताने पेडल अगदी हळू दाबायला सांगा आणि नजर पिनेवर ठेवा. दांडी हलली पण पुशरॉड जागचा हलला नाही, असा थोडा वेळ दिसला तर झीज तिथेच आहे. वर बोल्टपाशी दांडी तिरकी होताना दिसली तर बुश गेले आहेत.

दांडी सरळ आहे, तडा नाही, भोकं गोल आहेत आणि फक्त बुश खाल्ले आहेत, तर पूर्ण असेंब्ली घ्यायची गरज नाही. बुश, पिन, कॉटर पिन आणि स्प्रिंग बदलून काम भागतं. पिनेचं भोक लांबट झालं असेल, दांडी वाकली असेल, ब्रॅकेटला तडा असेल तर मात्र पूर्ण असेंब्लीच घ्या. तडा गेलेलं पेडल नाक्यावरच्या वेल्डरकडून टाका मारून आणू नका. टाक्याच्या शेजारचं लोखंड उष्णतेने बदलतं आणि पुढचा तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. ट्रॉलीच्या फाळक्याला वेल्डिंग करून घ्या, हवं तितकं.

माल आणताना

दुकानात फक्त 'पिकअपचं पेडल द्या' म्हणू नका. चेसिस नंबर द्या. एकाच नावाच्या गाडीत बीएस-४ आणि बीएस-६ (प्रदूषणाची जुनी आणि नवी मानकं) मध्ये ब्रॅकेट आणि स्विच वेगळे असू शकतात. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच ब्रॅकेटवर असतात, तिथे दुकानदाराने नुसती दांडी दिली की काय, ते तपासा. पेडलसोबत नवी पिन, नवी कॉटर पिन, बुशचा जोड, स्प्रिंग आणि रबरी गादी घ्या. या वस्तू किरकोळ किमतीच्या असतात, जुन्या वापरून वाचत काहीच नाही. स्विच जुना असेल तर तोही घ्या. कंपनीचा माल मिळत असेल तर तोच घ्या. जुन्या बाजारातलं, अपघातातल्या गाडीचं पेडल फुकट मिळालं तरी नको. ते बाहेरून सरळ दिसतं, पण कुणी शेवटच्या क्षणी त्याच्यावर किती जोर दिला होता ते कसं कळणार?

हत्यारं फार लागत नाहीत. १०, १२, १३, १४ आणि १७ चे रिंग पाने, त्याच मापांच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, एक लांब एक्स्टेन्शन आणि त्याला लावायचा हलता जोड. बूस्टरच्या वरच्या दोन नटांपर्यंत हात पोचत नाही, तिथे हा हलता जोड नसेल तर दिवस जातो. शिवाय नोज पकड, स्क्रू ड्रायव्हर, पट्टी, खडू, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे, जाड सुतळी आणि चष्मा. चष्मा स्प्रिंगसाठी आणि वरून डोळ्यांत पडणाऱ्या धुळीसाठी. डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर उत्तम, कारण मोबाइल दातांत धरून काम होत नाही. करून पाहिलं आहे.

खोलण्याआधीची पंधरा मिनिटं

गाडी सपाट जागेवर, रिकामी. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर वायर काढल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय तिथे हात घालू नका.

इंजिन बंद असताना ब्रेक आठ-दहा वेळा मारा. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल टणक होतं. हे केल्याशिवाय घेतलेली मापं खोटी निघतात.

आता मापं घ्या, आणि हा भाग कृपा करून गाळू नका. फ्लोअरवरचं मॅट काढून पत्र्यापासून पेडलच्या गादीपर्यंतची उंची. हाताने पेडल दाबताना पहिला अडथळा जाणवेपर्यंतची मोकळी चाल. पुशरॉडवर फोर्कच्या चेकनटामागे (माप हलू नये म्हणून कसलेला नट) किती आटे दिसतात ते. स्विचचा चेकनट कुठे आहे ते, खडूची खूण करून. सगळं कागदावर लिहा आणि दहा-बारा फोटो काढा. स्प्रिंगचा कोणता आकडा कुठे अडकला होता, पिन डावीकडून घातली होती की उजवीकडून, हे संध्याकाळी कुणालाच आठवत नाही.

पिनेच्या आसपास, पुशरॉड पत्र्यात शिरतो तिथे, ओलसर काही दिसतं का बघा. ब्रेक ऑइलचा वास येत असेल किंवा रंगाचे पोपडे निघाले असतील तर मास्टरचं मागचं सील गळतं आहे. मग आज पेडलचं काम थांबवा, कारण मास्टर बदलल्याशिवाय पुढे अर्थ नाही.

खोलणं

डॅशच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर आणि हवेची नळी आड येत असेल तर ती काढा. ब्रेक लाइट स्विचचा सॉकेट त्याचं लॉक दाबून ओढा, वायर धरून ओढू नका. चेकनट सैल करून स्विच बाहेर घ्या. काही नव्या गाड्यांत स्विच आट्याचा नसतो, पाव फेरा फिरवला की निघतो.

मग स्प्रिंग. पकडीने ओढायला गेलात तर ती निसटून कुठे जाईल सांगता येत नाही. सुतळीचा फास आकड्यात घाला, दोन वेढे हाताला घ्या आणि सरळ रेषेत ओढा. आकडा सुटला की सुतळी हळू सैल सोडा. बसवतानाही हीच सुतळी कामाला येते.

कॉटर पिनचे पाय सरळ करून ती काढा आणि फेकून द्या. मुख्य पिन बाहेर काढताना तिच्यावरचा वॉशर किंवा प्लास्टिकची टोपी सांभाळा. पिन अडली असेल तर पेडल बोटाने थोडं मागेपुढे करा. ती हातोडीने ठोकू नका, पुशरॉड बाहेर ओढू नका आणि आडवा रेटू नका. त्याचं पलीकडचं टोक बूस्टरच्या आतल्या नाजूक व्हॉल्व्हला लागलेलं असतं, आणि पेडलच्या खर्चात बूस्टरची भर पडते.

इथून दोन वाटा आहेत. फक्त दांडी किंवा बुश बदलायचे असतील तर वरच्या बोल्टचा नट काढा, बोल्ट सरकवा, दांडी हातात येते. कधीकधी स्टीअरिंगचा रॉड किंवा डॅशची पट्टी बोल्टला बाहेर पडू देत नाही. तेव्हा ब्रॅकेटच काढणं सोपं पडतं.

ब्रॅकेट काढायचं असेल तर लक्षात घ्या, बहुतेक गाड्यांत ज्या चार नटांनी ब्रॅकेट पत्र्याला बसलेलं असतं, त्यांनीच पलीकडचा बूस्टरही धरलेला असतो. नट केबिनच्या बाजूला आणि बूस्टरचे स्टड, म्हणजे त्यालाच पक्के बसवलेले बोल्ट, पत्र्यातून आरपार आलेले. चारही नट निघाले की बूस्टर आणि मास्टर यांचा भार स्टडवर आणि ब्रेकच्या लोखंडी पाइपांवर येतो. म्हणून बॉनेट उघडून कुणाला तरी बूस्टरला हात लावून उभं करा, नाहीतर सुतळीने वरच्या बाजूला बांधा. बूस्टर पुढे ओढायचा नाही, आहे तिथेच राहू द्यायचा. पाइप सोडावे लागत नाहीत, म्हणून हवा काढायचंही काम पडत नाही. मात्र एखादा पाइप वाकला किंवा नट चुकून सैल झाला, तर आधी ऑइल गळतं का बघा, मग हवा काढा.

ब्रॅकेटला वर डॅशच्या पट्टीला आणखी एक-दोन बोल्ट असतात. सगळे नट निघाले आणि ब्रॅकेट हलत नाही, तर तो बोल्ट राहिला आहे. पहार घालण्याआधी एकदा शोधा. काही मॉडेलांत स्टीअरिंग कॉलमही याच ब्रॅकेटला कसलेला असतो. तशी मांडणी दिसली तर पहिल्याच खेपेला एकट्याने हात घालू नका, अनुभवी मिस्त्रीला सोबत घ्या.

नवं बसवण्याआधी

जुनं आणि नवं पेडल फरशीवर शेजारी ठेवा. उंची, वाक, पिनेच्या भोकाची जागा, स्विच जिथे टेकतो ती पट्टी, स्प्रिंगचं भोक, सगळं जुळलं पाहिजे. पिनेचं भोक पाच मिलिमीटर इकडेतिकडे असलं तरी तरफेचं प्रमाण बदलतं. जुळत नसेल तर दुकानात परत. 'बसतंय, घाला' असं दुकानातला पोऱ्या म्हणेल. गाडी त्याला चालवायची नसते.

नवी पिन फोर्कमध्ये आणि पेडलच्या भोकात घालून बघा. ती सहज सरकली पाहिजे, पण खडखडली नाही पाहिजे. फोर्कची भोकंही लांबट झाली असतील तर नव्या पेडलला जुना फोर्क लावून उपयोग नाही.

पितळी किंवा लोखंडी बुशला साधं लिथियम ग्रीस चालतं. नायलॉन बुश असेल तर सिलिकॉन ग्रीस बरं. ग्रीस बोटभर नको, पातळ थर पुरे, कारण जादा ग्रीसला धूळ चिकटते आणि त्याचीच घासणी होते. गादीच्या रबराला मात्र ग्रीसचा हात लागू देऊ नका. ओला बूट आणि ग्रीसची गादी, ही जोडी पावसाळ्यात नको.

बसवायचा क्रम उलटा. ब्रॅकेट स्टडवर सरकवा, चारही नट हाताने दोन-तीन आटे चढवा, डॅशकडचा बोल्ट घाला आणि मगच कसा. समोरासमोरचे नट आलटून पालटून, म्हणजे ब्रॅकेट तिरकं बसत नाही. या आठ मिलिमीटरच्या स्टडना २० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच धरायचा. लांब दांड्याने अंगाचा जोर लावून कसलं तर स्टड तुटतो, आणि तो बूस्टरला चिकटलेला असतो.

पेडलचा बोल्ट कसल्यावर पुशरॉड जोडण्याआधी पेडल हाताने खाली नेऊन सोडून बघा. ते अडखळता कामा नये. अडखळलं तर बुश तिरका बसला आहे. मग पिन घाला, वॉशर, नवी कॉटर पिन, तिचे दोन्ही पाय उलटसुलट वाकवा. आणि हो, खिळा नको.

आता जमवणं

माझी पहिली चूक इथलीच. पेडल दीड तासात बसलं, उंची थोडी कमी वाटली म्हणून पुशरॉड दोन आटे लांब केला आणि खुशीत गाडी भरली. माळशेज उतरून टोकावड्याजवळ आलो तर लायनर जळल्याचा वास. पेडल एकदम वर आणि टणक, गाडी दुसऱ्या गिअरलाही ओढेना, पुढची चाकं हात जवळ नेऊ देईनात. रस्त्याकडेला तासभर उभा राहिलो. चाकं थंड झाली आणि ब्रेक आपोआप सुटला. पुढे तीस किलोमीटरवर पुन्हा तेच.

कारण मागाहून एका म्हाताऱ्या मिस्त्रीने समजावलं. मास्टर सिलिंडरच्या आत ऑइलच्या डब्याकडे जाणारं एक अगदी बारीक छिद्र असतं. पाय उचलला की पिस्टन पूर्ण मागे येतो आणि ते छिद्र उघडं राहतं. ब्रेक तापले की ऑइल फुगतं आणि या छिद्रातून डब्यात परत जातं. पुशरॉड लांब झाला की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, छिद्र झाकलेलंच राहतं. फुगलेल्या ऑइलला वाट मिळत नाही, म्हणून तेच ब्रेक लावतं. ब्रेक लागले की आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. थंड झाल्यावर सुटतात, म्हणून गॅरेजमध्ये नेली की गाडी अगदी ठीक दिसते.

म्हणून क्रम असा ठेवा. सर्वांत आधी स्विच मागे घ्या, पेडलला अजिबात लागू नये इतका. स्विच पुढे आलेला असेल तर तोच पेडल थोडं दाबून ठेवतो, आणि परिणाम वर सांगितला तोच. मग आठ-दहा वेळा ब्रेक मारून व्हॅक्यूम संपवा आणि उंची मोजा. कागदावरच्या मापाशी किंवा मॅन्युअलशी जुळत नसेल तर पुशरॉडचा चेकनट सैल करून रॉड पकडीने फिरवा, एका वेळी अर्धा फेरा. रॉडची दांडी जबड्याने खरवडू नये म्हणून मध्ये फडका घ्या.

त्यानंतर मोकळी चाल. दोन बोटांनी पेडल दाबा, पहिला अडथळा येईपर्यंत गादी किती सरकते ते पट्टीवर बघा. बहुतेक अशा गाड्यांत ती ३ ते ६ मिलिमीटरच्या आसपास असते, आपल्या मॅन्युअलचा आकडा अंतिम. शून्य असेल तर गाडी हलवायची नाही. १५-२० असेल तर कुठेतरी झीज राहिली आहे किंवा रॉड आखूड झाला आहे. उंची आणि मोकळी चाल एकमेकांशी भांडत असतील, म्हणजे एक बरोबर केली की दुसरी बिघडत असेल, तर पेडलच चुकीचं आलं आहे. तेव्हा मधला मार्ग काढू नका.

माप जमलं की चेकनट कसा आणि पुन्हा मोजा, कारण कसताना रॉड हमखास थोडा फिरतो.

शेवटी स्विच. त्याचा दांडा पेडलने दाबला जाईल, पण आट्याचं अंग पेडलपासून साधारण अर्धा ते एक मिलिमीटर दूर राहील असा बसवा. पाव फेऱ्याचा स्विच असेल तर पेडल आधी दाबून धरायचं, स्विच घालून लॉक करायचा आणि मग पेडल सोडायचं. तो स्वतः माप घेतो, आणि पुष्कळ स्विच हे एकदाच नीट घेतात. बॅटरी जोडा, कुणाला तरी मागे उभं करा. पाय जेमतेम ठेवताच लाइट लागला पाहिजे आणि काढताच विझला पाहिजे. सतत जळणारा लाइट मागच्या गाडीला फसवतो. बीएस-६ गाड्यांत याच स्विचचा इशारा इंजिनाच्या कॉम्प्युटरकडेही जातो, त्यामुळे स्विच चुकला तर डॅशवर इंजिनाचा दिवा लागून पिकअप पळेनाशी होऊ शकते. लोक मग इंजेक्टर तपासत बसतात. पासिंगच्या वेळीही ब्रेक आणि ब्रेक लाइट बघितले जातातच. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी आरटीओची ती वारी चुकत नाही.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन बंद, पाच-सहा वेळा ब्रेक मारा, मग मध्यम जोराने पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं, म्हणजे बूस्टर जोडलेला आहे आणि काम करतो आहे. मिनिटभर जोराने दाबून धरा, ते हळूहळू खाली सरकता कामा नये. दाबलेलं असतानाच इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा, पेडल पाय वर ढकलत नाही ना बघा.

मग मागच्या चाकांना ठोकळे असताना पुढचं एकेक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या, ब्रेक दोन-तीनदा मारून सोडा आणि चाक हाताने फिरवा. डिस्क असेल तर बारीक घासल्याचा आवाज चालतो, पण चाक फिरलं पाहिजे. दोन्ही बाजूंना जड असेल तर मास्टर आणि बूस्टर यांच्यामधले दोन नट दोन-तीन फेरे सैल करा. चाकं लगेच मोकळी झाली तर पुशरॉड अजून लांब आहे, पुन्हा मागचं सगळं. मोकळी झाली नाहीत तर दोष पुढे लाइनमध्ये किंवा कॅलिपरमध्ये (डिस्कला पकडणारा भाग) आहे, पेडलचा संबंध नाही. ही फक्त तपासणी आहे, नट परत कसल्याशिवाय चावीला हात लावू नका.

मोकळ्या मैदानात किंवा शेतातल्या पांदीवर चालण्याच्या वेगाने पहिला ब्रेक. मग २०, मग ३० च्या वेगाने. हँडब्रेकवर हात राहू द्या. सगळं ठीक वाटलं तर रिकाम्या गाडीने आठ-दहा किलोमीटर, त्यात वरचेवर ब्रेक मारत, जा. उतरून प्रत्येक रिमजवळ हाताचा मागचा भाग न्या, टेकवू नका. चारही बाजूंना साधारण सारखी ऊब हवी. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त तापतातच, पण डावं-उजवं जुळलं पाहिजे. माझ्यासारखी पहिलीच फेरी भरून घाटात नेऊ नका.

आठवड्याने पुन्हा एकदा डॅशखाली बॅटरी मारा. कॉटर पिनचे पाय, चेकनट, चार नट आणि मोकळी चाल, दहा मिनिटांचं काम. नवे बुश बसताना मिलिमीटरभर फरक पडला असेल तर तेव्हाच दिसतो.

जुनं पेडल भंगारवाल्याला देण्याआधी ग्राइंडरने दोन तुकडे करा. अख्खं दिलं की ते धुऊन, काळा रंग मारून पुन्हा कुणाच्या तरी गाडीत बसतं. मी आमच्याचे दोन तुकडे केले. तो खिळा मात्र शेडच्या खांबाला ठोकून ठेवला आहे, क्रेटची बिलं लटकवायला.